खोक्यातला गरुड

बंदूक नाही, नाकात कॅमेरे, आणि वेग आवाजाच्या जवळजवळ तिप्पट! मिग-२५आर हे टेहळणी विमान आपल्या हवाई दलात ‘गरुड’ म्हणून ओळखलं गेलं. बरेलीच्या १०२ स्क्वाड्रननं ते १९८१ ते २००६ उडवलं. त्याचं सख्खं भावंड मिग-२५आरबीटी १/४८ प्रमाणातल्या प्लॅस्टिक किटमध्ये मिळतं. किट काढणारी आयसीएम कंपनी युक्रेनमधल्या कीव्हची.

खरं विमान साडेएकवीस मीटर लांब. टेबलावर ते ४५ सेंटीमीटर भरतं. आता वेगालाही ४८नं भागा: ताशी ३,००० किलोमीटरचे उरतात जेमतेम ६२. पण २० किलोमीटरची उंची भागूनही ४१५ मीटरच्या वरच राहते. आयफेल टॉवर खाली राहिला!

किट जुळवताना सगळ्यात जास्त जीव लावावा तो नाकाला. याच्या लढाऊ भावाच्या नाकात भलंमोठं रडार असतं. इथे कॅमेऱ्यांच्या काचा, तिरक्या आणि खाली रोखलेल्या. त्या इवल्याशा पारदर्शक तुकड्यांवर गोंदाचा एक डाग पडला की टेहळणी विमान आंधळं झालं. आणि थोरलेपणाचा मानही कॅमेरेवाल्याचाच बरं का: त्याचा नमुना ६ मार्च १९६४ला उडाला, लढाऊ नमुना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

तीन चाकांवरची मॉडेलं बऱ्याचदा शेपटीवर बसतात. उपाय सोपा: नाकात शिसं भरा.

रंगकामाची खरी मेजवानी मागच्या बाजूला आहे. या विमानाचा सुमारे ८० टक्के सांगाडा पोलादाचा, तोही बहुतेक वेल्डिंगनं जोडलेला, कारण एवढ्या वेगात अंग जवळपास ३०० अंशांपर्यंत तापतं आणि तिथे ॲल्युमिनियम टिकत नाही. बाकी अंग करडं, पण इंजिनांभोवती उघडा धातू. तिथे चंदेरीवर तपकिरी-निळसर झाक पातळ थरांनी चढवत गेलं की दोन अजस्र इंजिनांची धग डोळ्यांना जाणवते. हे काम घाईनं उरकणं म्हणजे या विमानावर अन्याय.

मॉडेलभोवती देखावा मांडायचाय? १९७१मध्ये सोव्हिएत वैमानिकांनी इजिप्तमधून सिनाईवर टेहळणी केली, तेव्हा इस्रायली फँटम विमानांना ही मिग गाठता आली नाहीत. त्याहून भन्नाट विषय इराकचा. तिथे २००३मध्ये अल् तकद्दुम तळावर अमेरिकी सैनिकांनी वाळू उपसली, तर आत पंख काढलेलं मिग-२५आरबी पुरून ठेवलेलं!