विमान उडण्याआधी पायलट खाली काय बघत फिरतो?

आजचा भाग नेसरीतूनच रेकॉर्ड केलाय. मागं उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विमानात खिडकीपाशी बसलात की कधीकधी खाली पिवळ्या जॅकेटमधला पायलट दिसतो. टायर बघतो, इंजिनात डोकावतो, पंखाखालून वर मान करून चालतो. याला वॉकअराउंड म्हणतात. दुरुस्ती करून सही करणारा इंजिनिअर वेगळा असतो. पायलट नटबोल्ट उघडून बघत नाही. गळती, डेंट, उघडं राहिलेलं झाकण, असं बाहेरून दिसेल तेवढंच तो तपासतो. म्हणजे आमच्या भाषेत, कोड दुसऱ्यानं लिहिलाय आणि प्रोडक्शनवर जाण्याआधी शेवटची नजर याची.

ही नजर चुकते का? चुकते.

9 फेब्रुवारी 2022. मुंबईहून भुजला निघालेलं अलायन्स एअरचं एटीआर 72. टेकऑफ घेतानाच एका इंजिनावरचं झाकण, म्हणजे काऊल, निखळून पडलं आणि मुंबईच्या रनवेपाशी सापडलं. विमान तसंच भुजला पोचलं आणि सुखरूप उतरलं. आत सुमारे 70 जण होते. असलंच एटीआर आपल्या उजळाईवाडीलाही येतं बरं का, त्यामुळं ही गोष्ट लांबची समजू नका.

काऊल हे इंजिनाचं बिजागरीवरचं दार. दुरुस्तीला उघडायचं, काम झालं की लॅच लावून बंद करायचं. गंमत अशी की लॅच न लावताही ते जवळजवळ बंद दिसू शकतं. मग टेकऑफला वाऱ्याचा जोर बसला की फाटून जातं.

हे कसं घडतं, त्याचा सगळ्यात तपशीलवार तपास लंडनच्या हीथ्रोचा आहे. 24 मे 2013, ब्रिटिश एअरवेजचं ए319. रात्रपाळीत दोन टेक्निशियननी दोन्ही इंजिनांचे काऊल उघडले. जनरेटरचं तेल कमी होतं. ते भरायचं सामान घेऊन परत येऊ, म्हणून लॅच न लावताच ते गेले. परत आले ते दुसऱ्याच विमानापाशी! तिथले काऊल बंद दिसले, तेव्हा त्यांना वाटलं की कुणीतरी लावून टाकले असणार. सकाळी को-पायलटच्या वॉकअराउंडमध्येही ते निसटलं. टेकऑफला दोन्ही इंजिनांचे काऊल उडाले, इंधनाची पाइप फुटली, उजव्या इंजिनाला आग लागली. विमान परत फिरून उतरलं आणि 80 जण वाचले.

आता को-पायलटला आळशी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्या इंजिनाचे लॅच पोटाखाली असतात. नीट बघायचं तर जमिनीलगत वाकावं लागतं. त्यात शेकडो वेळा सगळं ठीक सापडलं की डोळा तपासत नाही, नुसता ‘असेलच’ म्हणून पुढं सरकतो. कोड रिव्ह्यू करणाऱ्यांनी हसू नये, शुक्रवारी संध्याकाळी आपणही असंच ‘अप्रूव्ह’ दाबतो.

पेरूची घटना तर फारच वाईट. 2 ऑक्टोबर 1996 ला एरोपेरूचं बोइंग 757 रात्री लिमाहून उडालं. विमान धुताना बाहेरच्या हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. पट्टीचा रंग विमानाच्या चंदेरी पत्र्यासारखाच. कुणालाच दिसली नाही. उंची आणि वेग दोन्ही आकडे खोटे येऊ लागले, खाली काळा समुद्र, आणि 70 च्या 70 जण गेले.

म्हणून ‘नीट बघत जा’ एवढ्या सूचनेवर भागत नाही, वस्तूच अशी करावी लागते की चूक ओरडून दिसेल. सेन्सरवरच्या कव्हरला लाल फीत लोंबते ती त्यासाठीच. ए320 कुटुंबातल्या विमानांत पुढं काऊलच्या लॅचला किल्ली आली. किल्लीशिवाय लॅच उघडत नाही, आणि लॅच पक्का लागल्याशिवाय किल्ली निघत नाही. काढलेली किल्ली कॉकपिटमध्ये ठरलेल्या जागी ठेवायची. ती जागा रिकामी दिसली, की पायलटला वाकायच्या आधीच कळतं, खाली काहीतरी उघडं आहे.