मोसे-आंबीच्या खोऱ्यातले जुळे शब्द

पुण्यातला एखादा वयस्क माणूस ‘पानशेत झालं तेव्हा आम्ही शनिवार पेठेत राहायचो’ असे म्हणतो, तेव्हा तो गावाविषयी बोलत नसतो. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे, काम पुरे न झालेले पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. त्या दिवसापासून या गावाच्या नावाला दुसरा अर्थ चिकटला : महापूर. शब्दाला नवा अर्थ कधी मिळाला याची तारीख सहसा सांगता येत नाही. इथे ती सांगता येते.

शाळेच्या व्याकरणात ‘अनेकार्थी शब्द’ म्हणून एक यादी असते. त्या यादीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, आणि ती मला खटकते. एकाच शब्दाला काळाच्या ओघात अर्थ फुटत जाणे ही एक गोष्ट. वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द झिजत झिजत एकसारखे दिसू लागणे ही दुसरी. पानशेतमधलाच ‘पान’ घ्या. झाडाचे पान, पोथीचे पान, विड्याचे पान आणि पंगतीत मांडलेले पान ही एका आईची लेकरे. संस्कृत ‘पर्ण’, प्राकृत ‘पण्ण’ अशी त्यांची वाट. लोक पानावर लिहीत होते, पानावर जेवत होते, म्हणून अर्थ वाढले. ‘मद्यपान’, ‘स्तनपान’ यांतला ‘पान’ मात्र पिणे या अर्थाच्या ‘पा’ धातूचा. दिसायला सारखा, नात्याने परका.

या परिसरातला सगळ्यात बोलका शब्द ‘धरणे’. इथे आंबीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव अशी दोन धरणे शेजारी शेजारी आहेत. हात धरणे, वाट धरणे हे क्रियापद. आणि मागणीसाठी दारात ठाण मांडून बसणे, तेही धरणे. येणे वसूल होईना की कर्जदाराच्या दारात उपाशी बसायचे, म्हणजे पाप त्याच्या माथी, अशी ही जुनी रीत. इंग्रजांनी १८६० ची दंडसंहिता केली, तेव्हा कलम ५०८ खालच्या उदाहरणात हाच देशी शब्द त्यांनी इंग्रजी वाक्यात तसाच ठेवला. पुढे १९२१ मध्ये शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. धरणग्रस्तांनी धरणे धरल्याची बातमी तर मराठी वाचकाला पाठ झालेली आहे. ‘धरणे’च्या या तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच ‘धृ’ धातू आहे. पाणी धरून ठेवायचे, हात धरायचा किंवा दार धरून बसायचे, क्रिया तीच.

‘नाळ’ तसाच. वेल्हे तालुक्याच्या पश्चिम टोकाला मोहरी गाव आहे. तिथून लिंगाणा किल्ल्याच्या अंगाने कोकणात उतरते ती बोराट्याची नाळ. दोन कड्यांच्या बेचक्यातली अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली चिंचोळी घळ. पावसाळ्यात ती पाण्याची, उघडीप झाली की माणसाची. बाळाची नाळ आणि ही नाळ दोन्ही संस्कृत ‘नाल’ म्हणजे पोकळ देठ यावरून आल्या. घोड्याच्या टापेला ठोकायचा ‘नाल’ मात्र अरबी. मराठीत एका ‘ळ’ने त्यांना वेगळे ठेवले आहे.

फारसी आणि अरबी शब्दांनी आपल्याकडे खरे जुळे जन्माला घातले. नदीचे ‘तीर’ संस्कृत, भात्यातला ‘तीर’ फारसी. म्हातारपण म्हणजे ‘जरा’ संस्कृत, ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ अरबीतून आलेला. लिहिताना दोन्ही सारखे, पण मराठी जीभ पहिल्याचा ‘ज’ टाळूला लावते आणि दुसऱ्याचा दातांकडे नेते. ‘सर’ तर गर्दीचा शब्द आहे. पावसाची सर, मोत्यांचा सर, शाळेतले सर, आणि ‘गड सर केला’ मधला सर, ज्याच्या मागे डोके या अर्थाचा फारसी ‘सर’ उभा आहे. सरदार, सरनोबत, सरकार हेही त्याच घराण्यातले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी बोलण्यातला फारसी गेला नाही, आणि मराठीचे त्यात भलेच झाले.

हे जुळे ओळखायचे कसे? कोरियन भाषेकडे पाहिले की आपल्या सोयीचे मोल कळते. तिथे चिनी शब्द हजारोंनी आले, पण चिनी सूर आले नाहीत. त्यामुळे वेगळे शब्द एकाच उच्चारात कोसळले. ‘सुदो’ म्हणजे राजधानी आणि ‘सुदो’ म्हणजे नळाचे पाणीही. १४४६ मध्ये राजा सेजोंगने दिलेली हंगुल लिपी उच्चार नेमका टिपते, म्हणूनच ती या दोघांना वेगळे दाखवू शकत नाही. अडले तर कंसात चिनी अक्षर लिहावे लागते. कोरियनला लिंग नाही. मराठीला आहे, आणि आपले अर्धे काम तेच करते. ते नाव, ती नाव. तो माळ, ती माळ. विभक्ती लागली की उरलासुरला गोंधळही मिटतो : नावात अर्थ असतो, नावेत माणसे बसतात, माळावर गुरे चरतात, माळेत मणी ओवतात. सोमवारचा ‘वार’, तलवारीचा ‘वार’ आणि लुगड्याचा ‘वार’ पुल्लिंगी. पण गोठ्यात ‘गाईची वार पडली का?’ असे विचारले की कुणाला कॅलेंडर आठवत नाही.

कधी नियमच जुळे घडवतो. पाण्याचा ‘पूर’ आणि नगर अर्थाचा ‘पुर’ संस्कृतात ऱ्हस्व-दीर्घाने वेगळे होते. गावाच्या नावातला पूर दीर्घ लिहावा, असे आपल्या शुद्धलेखनाने ठरवले आणि सोलापूर-कोल्हापुरांत दोघे एक झाले.

राहिला ‘मावळ’. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख तो मावळ, अशी त्याची उपपत्ती सांगतात. पण ‘मातुल’वरून आलेला, मामा या अर्थाचा ‘मावळा’ही जुन्या मराठीत आहे, आणि खेड्यापाड्यांत आत्याला मावळण म्हणतात ती त्याच घरची. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर यांचे मावळे निराळे, हे मावळे निराळे. ‘खोरे’ म्हणजे नदीचे पाणलोटक्षेत्र आणि माती ओढायचे अवजारही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आपल्या हाताशी आहेत. पण दांड, सोंड, नाळ, निसणी हे डोंगराचे शब्द कोणत्या गावात कोणत्या अर्थाने चालतात, हे त्यांत पुरते सापडणार नाही. वेल्ह्यातल्या, आता राजगड म्हणवणाऱ्या या तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आजी-आजोबांपुढे वही घेऊन बसवा. शब्द लिहून घ्या, त्याचे लिंग लिहा, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य लिहा आणि गावाचे नाव घाला. लिंग आणि वाक्य राहिले तर त्या टिपणाचा उपयोग होणार नाही.