मुंबईचं विमान सहारात!

कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा खेळ तुमच्यापैकी काही जणांच्या घरी असेल. माझा नववीतला भाचा माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ राहतो. खिडकीतून डॉकच्या क्रेन दिसतात, पण स्वारीचं लक्ष कायम पडद्यावरच्या बोइंगकडे! गेल्या रविवारी मी गेले, तर हा रडकुंडीला आलेला. "मावशी, मला गोव्याला जायचंय, पण हा कॉम्प्युटर काही घेतच नाहीये!"

हा कॉम्प्युटर म्हणजे विमानातला, बरं का! कुठून निघायचं, कुठे जायचं, वजन किती, हे सगळं वैमानिक त्याला आधी सांगतात. आपण टाइप केलेलं सगळ्यांत खालच्या ओळीत उमटतं. ती जणू कच्ची वही. बाजूचं बटण दाबलं, की ते वर पक्क्या जागी जातं. चुकलं तर खाली संदेश येतो. आमचे साहेब काय करत होते? संदेश न वाचताच पुसायचा आणि तेच पुन्हा टाइप करायचं!

मग आम्ही दोघं माहितीपुस्तक घेऊन बसलो. पहिला संदेश होता 'नॉट इन डेटा बेस'. त्यानं मुंबईसाठी 'बीओएम' लिहिलं होतं. ही अक्षरं बॅगेच्या चिठ्ठीवर चालतात. इथे चार अक्षरं लागतात. मुंबईची 'व्हीएबीबी', गोव्यातल्या दाबोळीची 'व्हीओजीओ'. हे लगेच सुटलं.

दुसरा संदेश 'इनव्हॅलिड एन्ट्री'. विमान आत्ता कुठे उभं आहे, ते अक्षांश-रेखांशांत सांगायचं होतं. आपला विमानतळ साधारण १९ अंश ५.३ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व इथे आहे. अक्षांश ९० पर्यंतच असतात, म्हणून त्यांना दोन आकडे पुरतात. रेखांश १८० पर्यंत जातात, म्हणून तीन हवेत. ७२ लिहायचं ०७२ असं. हा शून्यच राहिला होता.

"एवढंच ना?" म्हणत त्यानं खटाखट टाइप केलं. संदेश आला नाही. आम्ही खूश! पण नकाशावर ना मुंबई, ना गोवा. आणि गोवा किती लांब? साडेतीन हजार सागरी मैलांहून जास्त! खरं अंतर सव्वादोनशेच्या आसपास. काय झालं असेल बरं?

०७२५२.० ऐवजी त्यानं ००७२५.२ लिहिलं होतं. एक शून्य पुढे जास्त, एक मागे कमी. आकडे तितकेच, टिंबही जागच्या जागी. म्हणून कॉम्प्युटरनं मुकाट्यानं घेतलं. पण ७२ अंशांचे झाले ७! ॲटलास काढून बोट ठेवलं, तर ते आफ्रिकेतल्या नायजर देशात, सहारा वाळवंटात. संदेश आला, तर चूक निदान कळते. ही चूक अगदी शहाण्या मुलासारखी गप्प बसली होती.

खेळात हसून झालं. पण १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या खऱ्या विमानात हेच घडलं. १५१०९.८ ऐवजी ०१५१९.८ असं रेखांश टाइप झालं. कॉम्प्युटरच्या मते विमान होतं दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनजवळच्या समुद्रात, अकरा हजार किलोमीटरहून दूर! इशारे आले होते, पण वेळीच लक्ष गेलं नाही. उडाल्यावर विमान शेजारच्या धावपट्टीच्या मार्गाकडे वळू लागलं. खराब हवेमुळे सिडनीला परतता येईना, म्हणून ते मेलबर्नला उतरवावं लागलं. सगळे सुखरूप होते.

आता भाच्यानं माझी नेमणूक केली आहे. मी तक्त्यावरून वाचायचं आणि त्यानं टाइप करायचं. मी म्हटलं, "बहात्तर, बावन्न." त्यानं लिहिलं २७, २५! माझ्या दुसरीच्या वर्गातही हे रोज होतं. आपण 'बावन्न' म्हणताना दोन आधी बोलतो, पण लिहिताना पाच आधी येतो ना! वैमानिक रेडिओवर आकडे एकेक करून सांगतात, ते उगीच नाही.

"मावशी, वैमानिकासारखं वाच," भाच्यानं फर्मावलं.

"शून्य, सात, दोन. पाच, दोन. टिंब. शून्य."

गोवा, दोनशे एकोणतीस मैल. निघालो!