अकरा नंबरचा आंबा

इफ्तारच्या ताटातली पपई मूळची अमेरिकेची, पण रोजा सोडताना हा हिशोब कोण करतो? कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर मात्र तो फळांच्या नावांतच शिल्लक राहिला आहे.

तिथल्या एका आंब्याचे नाव 'नंबर इलेव्हन'. १७८२ मध्ये मॉरिशसकडून येणारे फ्रेंच जहाज इंग्रज आरमाराने पकडले. त्यावरच्या रोपांना नुसते क्रमांक होते. रोपे जमैकात लावली गेली, अकरा नंबरचा आंबा गोड निघाला आणि आकडाच नाव झाला. 'बॉम्बे' नावाचाही आंबा तिथे आहे. मधोमध गोल चिरून दोन्ही वाट्या पिळल्या की कोय सुटून येते.

नीरफणसाची गोष्ट मात्र गोड नाही. कोकणात त्याच्या कापा तव्यावर परततात, तेच हे फळ. जमैकाची चांगली जमीन उसाखाली होती आणि मळ्यांवरच्या गुलामांचे बरेचसे धान्य उत्तर अमेरिकेतून येई. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते अडले, त्यात वादळे झाली आणि हजारो गुलाम भुकेने मेले. मळेवाल्यांना स्वस्त अन्न हवे होते. ताहितीहून रोपे आणायला कॅप्टन ब्लाय निघाला. १७८९ मध्ये त्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झाले, हजारावर रोपे समुद्रात गेली. १७९३ मध्ये दुसऱ्या जहाजातून ती अखेर जमैकाला पोचली. एवढा खटाटोप करून आणलेले फळ गुलामांनी खाल्लेच नाही! कित्येक वर्षे ते डुकरांपुढे पडत होते. मालकाने ठरवलेला घास त्यांना नको होता, असेच म्हणावे लागेल.

ॲकी मात्र पश्चिम आफ्रिकेतले, म्हणजे गुलामांच्याच मुलखातले. लाल फळ, आत काळ्या बिया, त्यांना चिकटलेला पिवळा गर. फळ झाडावर आपोआप उकलेपर्यंत ते विषारी असते; घाई करणाऱ्यांचे जीव गेले आहेत. गंमत अशी, की त्याच्या शास्त्रीय नावात ब्लाय आहे, पण जमैकात ते त्याच्या आधीच रुजले होते.

आज ॲकी आणि खारवलेला कॉड मासा हा जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. गर उकळून, पाणी फेकून, कांदा-मिरचीवर माशाबरोबर परततात. सोबत बऱ्याचदा नीरफणस असतो, साल काळी होईपर्यंत अख्खाच निखाऱ्यावर भाजलेला.