कर्करोगाची गाठ, रक्तातील साखर आणि शरीराची संरक्षणव्यवस्था

घरातील कर्त्या माणसाच्या जिभेला वा गालाला कर्करोग झाल्याचे निदान होते आणि सारे घर हादरून जाते. भेटावयास येणारे आप्तेष्ट धीर देतात, तसेच नाना सल्लेही देतात. त्यांपैकी एक सल्ला अलीकडे फार ऐकू येतो. "कर्करोगाची गाठ साखरेवर वाढते, म्हणून साखर बंद करा, गूळ, दूध, भात, फळे सारे बंद करा. गाठ उपाशी मरेल." या सल्ल्याचा पूर्वार्ध शास्त्रीय सत्यावर आधारलेला आहे, परंतु उत्तरार्ध रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून साखर, गाठ आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचे परस्परांशी असलेले नाते समजावून घेणे अगत्याचे आहे.

तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, नाक आणि लाळेच्या ग्रंथी यांच्या कर्करोगांना वैद्यकशास्त्रात एकत्रितपणे 'डोके व मान यांचे कर्करोग' असे म्हणतात. मेंदूतील गाठींचा त्यांत समावेश होत नाही. भारतातील पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग अग्रभागी आहे. तंबाखू, सुपारी, विडी-सिगारेट आणि मद्य ही त्याची प्रमुख कारणे होत.

वॉरबर्ग यांचा शोध

आपल्या पेशी ग्लुकोज या साध्या शर्करेपासून ऊर्जा मिळवितात. पुरेसा प्राणवायू असेल, तर ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन होते आणि त्याच्या एका रेणूपासून 'एटीपी' या ऊर्जावाहक द्रव्याचे सुमारे ३० रेणू तयार होतात. प्राणवायूवाचून अर्धवट विघटन झाले, तर केवळ २ रेणू हाती लागतात आणि दुग्धाम्ल मागे उरते. जोराने धावताना आपल्या स्नायूंत काही काळ हेच घडते.

बर्लिन येथील शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांना १९२०च्या दशकात असे आढळून आले, की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही हाच तोट्याचा मार्ग चोखाळतात. त्या भराभर ग्लुकोज ओढून घेतात आणि दुग्धाम्ल बाहेर टाकतात. पेशींच्या श्वसनातील विकरावरील संशोधनासाठी वॉरबर्ग यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशींची श्वसनक्रिया बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ कारण असावे, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने ते पूर्णतः खरे ठरले नाही, कारण अनेक गाठींमध्ये श्वसनक्रिया चालूच असते. मग हा तोट्याचा व्यवहार कशासाठी? वेगाने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेबरोबरच नवी पेशी बांधण्याचा कच्चा मालही हवा असतो. ग्लुकोजच्या अर्धवट विघटनातून तो तिला सहज मिळतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

गाठीच्या या भुकेचा उपयोग निदानासाठी करून घेतला जातो. 'पेट स्कॅन' या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य शिरेतून टोचतात. १९७६ साली ते प्रथम मानवावर वापरण्यात आले. ज्या पेशी अधिक ग्लुकोज घेतात, त्यांत ते साचते आणि चित्रात ती जागा उजळून दिसते. तपासणीपूर्वी रुग्णास काही तास उपाशी ठेवतात, ते रक्तातील ग्लुकोजने या द्रव्याची वाट अडवू नये म्हणून. ते उपोषण हा उपचार नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

संरक्षक पेशींनाही शिधा हवा

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. आपल्या रक्तातील 'टी-पेशी' या शरीराच्या पहारेकरी आहेत. विषाणूंनी ग्रासलेल्या तसेच कर्करोगाच्या पेशी ओळखून त्या त्यांचा नाश करू शकतात. शांत असताना टी-पेशीला फारसा शिधा लागत नाही. शत्रूची चाहूल लागताच मात्र ती भराभर विभागू लागते आणि तिलाही मोठ्या प्रमाणावर ग्लुकोज लागते. म्हणजे गाठ आणि पहारेकरी यांची मागणी एकाच कोठारावर येते. गाठीने ग्लुकोज ओढून घेतल्यामुळे टी-पेशी दुबळ्या पडतात, असे २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले.

तथापि, ही झटापट वाटते तितकी सरळ नाही. २०२१ साली अमेरिकेतच झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की गाठीच्या परिसरात एकेका पेशीमागे सर्वाधिक ग्लुकोज घेणाऱ्या पेशी कर्करोगाच्या नसून भक्षक पेशींच्या कुळातील असतात. कर्करोगाच्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्लही आवडीने वापरतात. शिवाय दुग्धाम्लामुळे गाठीभोवतीचा परिसर आम्लधर्मी होतो. त्यात टी-पेशींची मारकशक्ती घटते, तर प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या काही पेशी मात्र तेथे तग धरून राहतात. थोडक्यात, गाठ केवळ शिधा पळवीत नाही, ती रणभूमीच प्रतिकूल करून टाकते.

लगाम सैल करणारी औषधे

टी-पेशींवर 'पीडी-१' नावाचा एक प्रथिनरूपी लगाम असतो. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. कर्करोगाच्या अनेक पेशी हा लगाम ओढून टी-पेशींना थोपवितात. लगाम ओढला गेला की टी-पेशींचा ग्लुकोज वापरही मंदावतो. या लगामाचा शोध जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्यांना आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा लगाम सैल करणारी निवोलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे २०१६ पासून डोके व मान यांच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त आहेत.

ही औषधे अत्यंत महाग असल्याने सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर राहतात. या अडचणीवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने महत्त्वाचे संशोधन केले. रोग उलटलेल्या किंवा फार बळावलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. एका गटास तोंडाने घ्यावयाची अल्प मात्रेची औषधे दिली. दुसऱ्या गटास त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, निवोलुमॅब दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांपर्यंत वाढले.

मग साखर बंद करावी काय?

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. रुग्णाने गोड आणि पिष्टमय पदार्थ वर्ज्य केले, तरी रक्तातील ग्लुकोज नाहीसे होत नाही. मेंदूला त्याची सतत गरज असल्याने यकृत ते तयार करीतच राहते. आहारातून पुरेसे मिळाले नाही, तर यकृत स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांपासून ग्लुकोज बनविते. गाठीचा शिधा चालूच राहतो, झिजतो तो रुग्ण. ज्या संरक्षक पेशींवर आपली भिस्त, त्याही कुपोषणाने दुर्बळ होतात.

तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात हा धोका विशेष आहे. गिळताना वेदना होतात, तोंड नीट उघडत नाही, चव जाते. किरणोपचार सहसा सहा ते सात आठवडे चालतात, त्या काळात तोंड सोलवटते. वजन झपाट्याने घटले, तर उपचार मध्येच थांबवावे लागतात आणि असा खंड रोगाच्या पथ्यावर पडतो. अशा वेळी दूध, ताक, अंडी, तूप घातलेला मऊ भात, नाचणीची आंबील, मुगाचे कढण असा मऊ व पौष्टिक आहार थोडा थोडा पुनःपुन्हा द्यावा. गिळणे अशक्य झाल्यास डॉक्टर नाकातून नळी घालून अन्न देण्यास सांगतात. ती नळी म्हणजे अखेरची घटका नव्हे, उपचार पुरे करण्याचे ते साधन आहे. मधुमेह असलेल्या रुग्णांनी मात्र रक्तातील साखर डॉक्टरांच्या सल्ल्याने आटोक्यात ठेवावी.

गाठीच्या शर्कराभुकेवर औषध शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते यशस्वी होतील तेव्हा होतील. आज आपल्या हाती असलेले उपाय साधे आहेत. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, मशेरी आणि सुपारी यांचा त्याग करावा. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, आवाजातील घोगरेपणा किंवा मानेतील गाठ दिसताच रुग्णालय गाठावे. आणि घरात रुग्ण असेल, तर त्याच्यापुढचे ताट काढून न घेता ते त्याला गिळता येईल असे वाढावे. त्याच्या शरीराची लढाई त्या ताटाच्या बळावरच चालणार आहे.