असुरक्षित संबंधानंतरची त्वचेची जळजळ : भीती, कालावधी आणि तपासणी

प्रस्तावना :
मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केलेल्या र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. लैंगिक आरोग्याविषयी शास्त्रीय भूमिकेतून बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात अशी जुनी आहे. तरीही असुरक्षित संबंधानंतर जननेंद्रियाच्या त्वचेची आग होऊ लागली की तरुण व्यक्ती आजही प्रथम ती लपविते. या भीतीमागील वस्तुस्थिती समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लक्षणे व कालावधी :
संबंधानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी जाणवणारी लाली व जळजळ बहुधा घर्षण, साबण, वंगण किंवा बुरशी यांमुळे होते. लैंगिक संसर्ग प्रकट होण्यास सामान्यतः अधिक काळ लागतो. परम्याची लक्षणे साधारणतः २ ते ७ दिवसांत, हर्पिसचे फोड २ ते १२ दिवसांत, तर उपदंशाचा (गरमीचा) व्रण १० ते ९० दिवसांत दिसतो. हा व्रण सहसा दुखत नाही, त्यामुळे तो दुर्लक्षित राहतो. क्लॅमिडिया पुष्कळदा लक्षणांविनाच असतो. एचआयव्हीची बाधा केवळ लक्षणांवरून ओळखता येत नाही. सारांश, जळजळ म्हणजे संसर्ग नव्हे. तसेच जळजळ शमली म्हणजे धोका टळला, असेही नव्हे.

तपासणी व उपचार :
त्वचेकडे पाहत दिवस घालविण्यात खरी हानी आहे. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावा लागतो व तो २८ दिवस चालतो. गर्भधारणेची शक्यता असल्यास तातडीची गर्भनिरोधक गोळीही लवकर घेणेच हितावह असते. याउलट, एचआयव्हीची प्रतिपिंड चाचणी घाईने केल्यास दिशाभूल होऊ शकते. प्रतिपिंडे आढळण्यास ३ महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो. म्हणून पहिली चाचणी निर्दोष आली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी ती पुन्हा करणे आवश्यक ठरते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम तात्पुरता आराम देते; परंतु त्यामुळे बुरशीचा संसर्ग पसरतो आणि निदान अवघड होते.

समारोप :
शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ अन्वये चाचणीसाठी संमती घेणे व माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे. १०९७ या क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते. विद्यार्थी आपली अडचण क्वचितच थेट सांगतो. अशा वेळी नीतीचा उपदेश करण्यात वेळ दवडला, तर ७२ तासांची मुदत निघून जाते. प्राध्यापकाने निदान करण्याची आवश्यकता नाही. त्याला वेळेत डॉक्टरांकडे पाठविले, तरी पुरेसे आहे.