शालेय ग्रंथालय : कठीण काळातील सोबती

नालासोपारा स्थानकावरून पश्चिमेस समुद्रकिनाऱ्याच्या दिशेने निघाले, की वाटेत निर्मळ हे गाव लागते. तळ्याकाठचे शंकराचार्यांचे समाधिमंदिर आणि कार्तिक महिन्यात भरणारी यात्रा यांमुळे या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. मंदिराचा घंटानाद आणि चर्चची घंटा या परिसरात शेजारी शेजारी ऐकू येतात. भोवती वाड्या आहेत, पश्चिमेस मच्छीमारांच्या वस्त्या आहेत आणि पूर्वेस लोहमार्गालगत वाढत गेलेले दाट शहर आहे. वसई तालुक्यात आदिवासी पाडेही आहेत. वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी, वारली अशा अनेक बोली बोलणारी मुले या भागात शाळेची मराठी शिकतात.

जीवनमान जितके विविध, तितक्याच मुलांच्या अडचणीही विविध असतात. कोणाचे वडील दिवसेंदिवस समुद्रावर असतात. कोणाचे आईवडील पहाटेच्या गाडीने मुंबईस जातात आणि मूल झोपल्यावर परततात. रोजगारासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाची शाळा मध्येच सुटते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई परिसर पाण्याने वेढला गेला, तेव्हा अनेक घरांत पाणी शिरले. त्यानंतर दोनच वर्षांत कोरोनाची साथ आली. या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतला. अशा मदतीने मुलाच्या भवितव्यास आधार मिळतो. परंतु सायंकाळी घर रिकामे वाटू लागते, तेव्हा त्या मुलाने कोणाशी बोलावे? शाळेतील पुस्तकांचे कपाट येथे उपयोगी पडू शकते. मात्र त्यातील पुस्तके विचारपूर्वक निवडलेली हवीत.

उपदेश नव्हे, सोबत

दुःखी मुलास धीर देणारे पुस्तक म्हणजे बोधपर पुस्तक, असा समज सर्वत्र आढळतो. अनुभव मात्र वेगळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर येल्ला लेपमन ही पत्रकार महिला उद्ध्वस्त जर्मनीत परतली. अन्नवस्त्राइतकीच मुलांना पुस्तकांचीही गरज आहे, असे तिचे मत होते. तिने अनेक देशांना पत्रे लिहून बालपुस्तके मागविली आणि १९४६ मध्ये म्युनिक येथे त्यांचे प्रदर्शन भरविले. हे प्रदर्शन पुढे बर्लिनला गेले, त्या वेळी तिने एका गोष्टीचा रातोरात अनुवाद केला आणि वृत्तपत्राच्या कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून घेऊन मुलांना वाटल्या. ती गोष्ट होती झुंजीपेक्षा फुलांचा वास घेणे अधिक आवडणाऱ्या फर्डिनंड या बैलाची. घरदार गमावलेल्या मुलांच्या हाती तिने हसू आणणारे पुस्तक दिले, ही बाब आपल्याकडील शिक्षकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

निवडीच्या कसोट्या

पुस्तक निवडताना पहिली कसोटी सत्याची होय. ज्या गोष्टीत दुःख शेवटच्या पानावर जादूने नाहीसे होते, तिच्यावर दुःख भोगलेले मूल विश्वास ठेवत नाही. दुसरी कसोटी आशेची. संकट संपले नाही तरी चालेल, परंतु गोष्टीतील मुलास एखादे माणूस, एखादे काम किंवा एखादी वाट सापडली पाहिजे. तिसरी कसोटी सन्मानाची. गरीब, अपंग अथवा पोरके मूल केवळ कीव यावी म्हणून रंगविले असेल, तर ते पुस्तक कपाटात न ठेवणे बरे.

या कसोट्यांना उतरणारी पुस्तके मराठीत आहेत. वसईच्या लेखिका वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले चरित्र त्याचे उत्तम उदाहरण होय. गुलामीत जन्मलेला, तान्हेपणीच आईला अंतरलेला आणि प्रकृतीने अशक्त असा हा मुलगा शिक्षणासाठी लहान वयात घर सोडतो. वर्णामुळे एका महाविद्यालयाचे दार त्याला बंद होते. तरीही तो पुढे शेतीचा थोर संशोधक होतो. त्याच्या वाटेवर त्याला आसरा देणारी साधी माणसे भेटत जातात, हे वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. वाडीत राबणाऱ्या कुटुंबातील मुलास मातीशी असलेले कार्व्हरचे नाते परकेही वाटणार नाही.

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे. शाळेतून काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे नव्या शाळेचे मुख्याध्यापक कित्येक तास शांतपणे ऐकून घेतात. याच पुस्तकात पोलिओ झालेला मित्र आहे, त्याचा मृत्यू आहे आणि युद्धात जळालेली शाळाही आहे. तरीही पुस्तकातील आनंद कोठे उणावत नाही. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’तील पोरका मुलगा तर वाचकास मनमुराद हसवितो.

योग्य वेळेचे भान

चांगले पुस्तकही अवेळी दिले तर जड जाते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ प्रत्येक शालेय ग्रंथालयात असतेच. परंतु नुकतीच आई गमावलेल्या मुलीच्या हाती ते लगेच ठेवावे काय? काही काळ थांबणे इष्ट. पुढे तिने आपण होऊन मागितले, तर अवश्य द्यावे. श्याम आपल्या आठवणी मित्रांना रोज रात्री थोड्या थोड्या सांगतो आणि मित्र त्या मन लावून ऐकतात, ही या पुस्तकाची रचनाच मोठी बोलकी आहे. दुःख सांगता येते आणि ते ऐकणारे कोणी असते, एवढे कळले तरी मुलाचे ओझे हलके होते.

म्हणूनच प्रत्येक पुस्तक शिक्षकाने आधी स्वतः वाचलेले असावे. ‘हे तुझ्यासारख्या मुलाचे पुस्तक आहे’ असे म्हणून ते वर्गासमोर कोणाच्या हाती देऊ नये. त्याने मूल उघडे पडते. त्यापेक्षा पुस्तक सर्वांसाठी मोठ्याने वाचावे, मग हाताला येईल अशा खणात ठेवावे आणि कोणी नेले याची वाच्यता करू नये. वाचून झाल्यावर सारांश लिहिण्याची सक्तीही नसावी. पुस्तकाने शिक्षकाची किंवा समुपदेशकाची जागा घेता येत नाही. मूल सतत गप्प राहत असेल, तर जाणकारांची मदत घ्यावी हेच योग्य.

कुलपाबाहेरचे ग्रंथालय

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघत आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे असे आहे, तर दुसरे प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा असे. पुस्तके फाटतील या भीतीने कपाटास कुलूप घातले, की ही दोन्ही सूत्रे मोडतात.

निर्मळसारख्या गावातील मुलाच्या वाट्यास कोणते संकट येईल, हे शाळेस आधी ठाऊक नसते. त्या दिवशी त्याच्या हाताशी एखादे खरे, प्रेमळ पुस्तक असावे, एवढी तयारी मात्र शाळा आजच करू शकते.